इंजिनातील काजळी : ओळख आणि उपाय

कंदिलाची वात जरा जास्त वर चढवली की काय होतं, हे तुम्ही पाहिलेलं आहे. ज्योत मोठी होते, पण उजेड वाढण्याऐवजी काच काळी पडते. तेल वाढलं, त्या मानानं हवा वाढली नाही. म्हणून तेलातला कार्बन अर्धवट जळून काचेवर बसला. गुरुजींनी वर्गात मेणबत्तीच्या ज्योतीवर स्टीलची ताटली क्षणभर धरून दाखवली, तर मुलांनाही हे चटकन कळेल.

मोटारीच्या इंजिनातही असंच घडतं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. एअर फिल्टर धुळीनं भरला की हवा कमी पडते. गाडी रोज घरापासून फाट्यापर्यंतच नेली, तर इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद होतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तर खालचं ऑइल वर चढून जळतं. या सगळ्यांची काजळी पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर आणि प्लगच्या टोकाशी थराथरानं साचते.

आता ती ओळखायची कशी? गाडीचा जोर कमी होतो, तेल जास्त लागतं. घाट चढताना इंजिनातून टकटक आवाज येऊ लागतो. याचं कारण असं, की काजळीनं जागा अडवल्यामुळे आतलं मिश्रण जास्त दाबलं जातं. शिवाय काजळीचा एखादा लालभडक कण ठिणगी पडण्याआधीच ते पेटवून देतो. हा आवाज अंगावर काढू नये. असंच चालू राहिलं तर पिस्टन फुटू शकतो, आणि आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेताना गाडी नेमकी वाटेत उभी राहते.

पेट्रोल गाडीचा प्लग काढून पाहिलात, तर निम्मं निदान तिथंच होतं. टोक फिकट तपकिरी असेल तर सारं ठीक. कोरडी काळी भुकटी दिसली तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओलसर, तेलकट काळं दिसलं तर ऑइल वर येत आहे. धूरही बोलतो : काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं इंधन, निळसर धूर म्हणजे जळणारं ऑइल.

उपाय सोप्यापासून सुरू करावेत. एअर फिल्टर साफ करावा किंवा बदलावा. कंपनीनं सांगितलेलंच ऑइल वेळेवर बदलावं. उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू ठेवू नये. बंद खोलीत तर कधीच नाही, कारण त्या धुरातला विषारी वायू जीव घेतो. अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास एका लयीत चालवावी.

थर जाड झाला असेल, तर मिस्त्रीकडून हेड उतरवून तो काढावा लागतो. तो रॉकेलनं भिजवून लाकडी पट्टीनं खरवडावा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, म्हणजे मऊ असतो. लोखंडी छिन्नीनं त्याला चरे पडतात. हेड परत बसवताना गॅस्केट नवीनच घालावं.

नव्या गाड्यांबद्दल दोन गोष्टी. काही पेट्रोल गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हला ते शिवतच नाही, त्यामुळे टाकीत ओतायच्या औषधाच्या बाटलीनं तिथली काजळी निघत नाही. आणि १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ नियम लागू झाल्यावर आलेल्या डिझेल मोटारींत धुराच्या नळीत काजळी अडवणारी चाळणी असते. ती भरल्याचा दिवा लागला, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवावी. आतल्या उष्णतेनं काजळी जळून जाते. दिव्याकडे काणाडोळा केला तर खर्च मोठा येतो.

शेवटी एवढंच ध्यानात ठेवा. काजळी हे दुखणं नव्हे, दुखण्याची खूण आहे. रिंगा झिजलेल्या तशाच ठेवून नुसती काजळी खरवडली, तर ती पुन्हा धरणारच. कंदिलाची काच पुसण्याआधी आपण वात खाली करतो ना? तसंच हे.