साठीनंतर नवी भाषा

“डॉक्टर, हल्ली नावं आठवत नाहीत, बुद्धी गंजली की काय?” आळेफाट्याच्या परिसरातील वडीलधारी मंडळी हा प्रश्न हटकून विचारतात आणि पाठोपाठ टॉनिक मागतात. (बाटलीवर आपल्या लोकांचा फार जीव!) अशांना मी नवी भाषा शिकण्याचा छंद सुचवतो.

“या वयात?” असे म्हणणाऱ्यांनी विनोबांकडे पाहावे. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले. साठी ओलांडल्यावर तिबोर सेकेली या युगोस्लाव प्रवाशाकडून त्यांनी एस्परांतो शिकून घेतली. ही भाषा १८८७ साली जगापुढे मांडणारे डॉ. झामेनहॉफ हे डोळ्यांचे डॉक्टर. तिची घडण मोठी गमतीची आहे. ‘साना’ म्हणजे निरोगी. त्यामागे ‘माल’ लावले की ‘मालसाना’, आजारी. त्यावरून ‘मालसानूलो’ म्हणजे रोगी आणि ‘मालसानूलेयो’ म्हणजे रुग्णालय. एका शब्दात आमचा सारा व्यवसाय आला!

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील डॉ. सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेली आढळली. निरक्षरांतही हा फरक दिसला. मात्र ही मंडळी त्या भाषांत वावरलेली होती. साठीनंतर शिकलेल्या भाषेने तेवढाच लाभ होतो, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून याला औषध समजू नये.

शिकायचे तर रोज वीस मिनिटे पुरेत. शब्द घोकून वह्या भरण्यापेक्षा बोलावे. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते आपल्या फाट्यावर मिळतात. ट्रकचालक, कांद्याचे व्यापारी, बाहेरगावचे मजूर यांच्या तोंडी गुजराती, कन्नड, भोजपुरी असते. चहाच्या टपरीवर फुकट शिकवणी! चुकलात तर हसतील, हसू द्या.

एखादे नाव अडणे वेगळे. पण नेहमीच्या वाटेवर चुकणे, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे, पैशांचा हिशेब न जमणे, असे होऊ लागले तर छंदावर विसंबू नका. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य यांनीही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत. कमी ऐकू येत असल्यास कानही तपासून घ्यावेत. चष्मा बिनदिक्कत लावणारे आपले लोक श्रवणयंत्राला मात्र लाजतात आणि हळूहळू चारचौघांत बसणेच सोडून देतात.