गोदाम बदलताय? पीएफ काढण्याआधी दहा वर्षे मोजा

भिवंडीजवळच्या अंजूर परिसरात गोदामाची नोकरी सुटली की पीएफ काढायची घाई होते. पीएफसोबत '१०-सी' फॉर्म भरून पेन्शनचा हिस्साही काढला, तर तेवढी सेवा पुसली जाते. खरे नुकसान इथेच होते.

ईपीएस-९५ योजनेत ५८व्या वर्षी पेन्शन मिळण्यासाठी १० वर्षे सेवा लागते. सहा महिने किंवा त्याहून जास्त झाले की पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे साडेनऊ वर्षेही चालतात. मालक एकच हवा असे नाही. यूएएन तोच ठेवून जुने खाते वर्ग केले की वर्षे जोडली जातात. दहा वर्षे भरल्यावर मात्र पेन्शनचा हिस्सा एकरकमी मिळत नाही.

हिशेब असा: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार (कमाल १५,००० रुपये) गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. कमाल पगार आणि १० वर्षे धरली तर महिना सुमारे २,१४३ रुपये. रक्कम तुटपुंजीच, पण तहहयात. पश्चात पत्नीलाही पेन्शन मिळते.

नोकरी सोडलेल्यांना पन्नाशीनंतरही पेन्शन घेता येते, पण ५८च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. अर्ज '१०-डी' फॉर्मवर करायचा. पुढे दर बारा महिन्यांनी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो मोबाइलवरूनही देता येतो.