काडीमोडीचा कागद

एक मुलगी माझ्याकडे आली. माझ्याच शाळेत शिकलेली. तिचा नवरा मुंबईला. त्याने स्टँपपेपर धाडला होता. त्यावर लिहिले होते, 'आजपासून आपला काडीमोड झाला.'

"गुरुजी, हेच्यार सही करू काय?"

"थांब, बाय," मी म्हटले.

असल्या कागदाने लग्न मोडत नाही. हिंदूंसाठी १९५५ चा विवाह कायदा आहे. घटस्फोट कोर्ट देते. जातीची जुनी रूढी शाबीत झाली, तरच गोष्ट निराळी. दोघे राजी असले, तरी आधी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. कधी कोर्ट ते माफही करते.

"मुंबईक जावचा लागात?"

नाही. बायको राहते तिकडच्या कोर्टात तिला अर्ज करता येतो. पोटगीचेही तसेच.

वकिलाची फी? १९८७ च्या कायद्याने बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तिची मिळकत कितीही असो! अर्ज तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे करावा. लग्नपत्रिका, रेशनकार्ड, नवऱ्याची पत्रे बरोबर न्यावी. वकिलापासून काही लपवू नये. आणि त्याने पुढे केलेला कागदही वाचूनच सही करावी. वाचायला शिकलो ते कशाला?

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळच्या एस.टी.ने मालवणला गेलो. तो कागद पिशवीत होता, सही न केलेला.