न बोलणं आणि नको म्हणणं

मी कवी. पण वर्डप्रेसवर कवितांसाठी छोटं प्लगइनही लिहिलं. वापरणाऱ्यानं काहीच निवडलं नसेल तेव्हा चालणारी किंमत म्हणजे डिफॉल्ट. प्लगइन सुरू होताना ती एकदा नोंदवून भागत नाही. नवी आवृत्ती आल्यावर ती नोंदणी आपोआप पुन्हा होत नाही. म्हणून डिफॉल्ट कोडमध्ये ठेवावेत आणि वाचताना जतन केलेल्या निवडी त्यांवर बसवाव्यात.

खरी मेख पुढं आहे. ‘कवीचं नाव दाखवा’ या चौकटीतली खूण कुणी काढली, तर ब्राउझर ती चौकट पाठवतच नाही. तिथं आपण शून्य नोंदवलं नाही, तर डिफॉल्टचा ‘हो’ लागू होतो. टोपणनावाआड लिहिणाऱ्या एखादीचं खरं नाव मग जगजाहीर होतं. न बोलणं वेगळं, नको म्हणणं वेगळं. यंत्राला हा फरक आपणच शिकवायचा.