आदिलाबाद : सरहद्दीवरील एका शहराचा पूर्ववृत्तान्त

आपल्या संस्थेच्या ज्युबिलीच्या शुभप्रसंगी, ज्या शहराने तिला आश्रय दिला त्याचा इतिहास नव्या पिढीस ठाऊक असावा, या हेतूने हा अल्पसा लेख लिहिला आहे. तेलंगणात मराठी वस्ती एवढी कशी, असे बाहेरगावचे पाहुणे नेहमी विचारतात. त्याचे उत्तर या इतिहासातच आहे.

आदिलाबादचे जुने नाव एदलाबाद. शहराच्या उत्तरेस पैनगंगा व तिच्या पलीकडे वऱ्हाड. एके काळी नदीचे दोन्ही तीर निजामाच्याच अमलाखाली होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि नदी ही सरहद्द झाली. परंतु सोयरिकी, बाजारहाट व भाषा यांनी ती सरहद्द कधीच मानली नाही.

१९०५ साली सिरपूर-तांदूर उपजिल्ह्यास पूर्ण जिल्ह्याचा दर्जा मिळून त्यास आदिलाबाद हे नाव पडले. काही काळ जिल्ह्याचे ठाणे आसिफाबादेस होते. पुढे ते येथे आले. मुदखेडहून किनवटमार्गे रेल्वे आली. काळ्या जमिनीतील कापूस येथील जिनिंग-प्रेसिंगमध्ये येऊ लागला व बाजारपेठ वाढली.

मात्र ही भूमी मुळात गोंड व कोलामांची, याचा विसर पडता कामा नये. बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी व सावकारांनी त्यांच्या जमिनी बळकावल्या. त्यांत मराठी भाषिकही होते. जल, जंगल व जमीन यांच्या हक्कासाठी लढताना कोमराम भीम १९४० साली जोडेघाट येथे धारातीर्थी पडले.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना होऊन किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यास जोडले गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले. एकाच कुटुंबातील भाऊ दोन राज्यांचे नागरिक झाले. माणसे मात्र जागची हलली नाहीत. २ जून २०१४ पासून हे शहर तेलंगणात आहे. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आज रेल्वेची मोठी लाईन व नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग येथून जातो.

सारांश, राज्ये बदलली, दरबारची भाषा फारसी-उर्दूवरून तेलुगूवर आली, परंतु घरची मराठी टिकली. ती पुढेही टिकावयाची असेल तर केवळ अभिमान पुरणार नाही. आपल्या मुलांनी तेलुगू उत्तम शिकावी, कारण कचेरीत व व्यवहारात तिच्यावाचून निभाव लागणार नाही. आणि मराठी लिहिणे-वाचणेही सोडू नये, कारण नदीपलीकडच्या आजोळी पत्र लिहिण्यास दुसरी भाषा नाही. गोंडी बोलणाऱ्या शेजाऱ्यासही शिक्षणाचा व मदतीचा समान लाभ मिळावा. ज्या भूमीने आपणांस पोसले तिचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग होय.