पुण्याचे एक जुने मैदान

इतिहास म्हटला की आपल्या मुळशी-मावळाकडे गड, खिंडी आणि तह यांची आठवण व्हावी हे स्वाभाविकच आहे. पण मैदानालाही इतिहास असतो, आणि तो नेहमी सुखाचाच असतो असे नाही. येथे आम्ही पुण्याच्या लष्कर भागातील पूना क्लबच्या क्रिकेटच्या मैदानाविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. क्रिकेटचा ज्यांना गंध नाही त्यांनीही त्या ऐकाव्यात. कारण त्यांत खेळापेक्षा माणसांविषयीच अधिक आहे.

लष्करातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि सरकारी अंमलदारांनी आपल्या करमणुकीसाठी एकोणिसाव्या शतकात हा क्लब काढला. पावसाळ्यात मुंबईचे सरकार पुण्यास येऊन राही, तेव्हा तर साहेबलोकांची येथे दाटी होई. हिरवळ राखावयाची, खेळपट्टीवरून रूळ फिरवावयाचा, चुन्याच्या रेषा आखावयाच्या, सरावासाठी जाळ्या उभ्या करावयाच्या. ही सारी कामे अर्थातच साहेबाने करावयाची नव्हती. त्यासाठी चार रुपये महिन्याने माणसे मिळत होती. अशांपैकीच एक होते पळवणकर बाळू. चर्मकार समाजात जन्मलेला, सैन्यात नोकरीस असलेल्या बापाचा हा मुलगा १८९२ च्या सुमारास या क्लबात कामास लागला. त्यापूर्वी तो पारशांच्या एका क्लबात तीन रुपयांवर होता. म्हणजे एका रुपयाची बढतीच झाली म्हणावयाची.

जाळीत साहेबांना सरावासाठी गोलंदाज लागत. बाळू डावखुरा. त्याच्या हातून चेंडू संथ सुटे, पण टप्पा पडल्यावर कोठे वळेल याचा भरवसा नसे. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज रोज त्याच्यापुढे सराव करी, आणि दर वेळी बाद झाला की आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे असो, ग्रेगचा हात बसला तो बाळूच्या चेंडूवर, आणि बाळूचा हात बसला तो ग्रेगच्या बॅटीसमोर, एवढे खरे. मात्र बाळूच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी ही साहेबाची मिरास, चेंडू टाकणे हे नोकराचे काम!

पुण्यातील हिंदू मंडळींना गोऱ्यांना हरवावयाचे होते, आणि हरवू शकेल असा गोलंदाज त्यांच्या डोळ्यांसमोर होता. अडचण जातीची. पुष्कळ खल होऊन बाळूला संघात घेतले गेले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडूने झेलावा यात विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की इतर जण आत कपबशीतून चहा पीत आणि बाळूला तो बाहेर, फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यातून मिळे. जेवणाचे पानही वेगळे. चेंडूला जात नसते. कपबशीला मात्र असते, हे आमच्या पूर्वजांचे तर्कशास्त्र. पुढे साताऱ्याच्या गोऱ्या संघाने बाळूची फिरकी चालू नये म्हणून खेळपट्टी आठवडाभर रूळ फिरवून कठीण केली, तरी त्याने सात गडी टिपले. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवतही जा, असे या खेळाडूंना सुनावणारे गृहस्थ होते न्यायमूर्ती रानडे. १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेच हे रानडे.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस गेले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम असे दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातर्फे बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. तो मान १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना लाभला, तोही बऱ्याच भांडणानंतर.

अमेरिकेत बेसबॉल हा क्रिकेटचाच चुलतभाऊ. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड या मैदानात १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू गोऱ्यांच्या मोठ्या संघातून उतरला, ही घटना तिकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ते मैदान १९६० साली पाडले, पण आठवण पाडली नाही. आमच्याकडे नेमके उलटे आहे. मैदान शाबूत आहे आणि बाळूंचे नाव पुसट झाले.

याच मैदानावर डिसेंबर १९४८ मध्ये रणजी स्पर्धेत महाराष्ट्र आणि काठेवाड यांची गाठ पडली. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. त्यावर महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी अशी काही फलंदाजी केली की चार गडी बाद ८२६ झाल्या, तरी ते नाबाद ४४३ वर उभेच! कमल भांडारकरांसह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. मध्यंतर झाले, आणि काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी जातो. डाव घोषित झाला नाही, म्हणून काठेवाडचा संघ खरोखरीच सामना सोडून निघून गेला. संस्थानिकाला आपल्या संघाचे नाव कोणाच्या विक्रमाच्या पानावर नको होते, यात नवल नाही. आमच्या मते मात्र ते न शोभणारे होते.

पुढे मोठे सामने स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियममध्ये गेले. तेथे १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले. २०१२ पासून गहुंजे आले. आपल्या तालुक्याच्या म्हाळुंग्यालगतचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभे राहिले. निंबाळकर एकही अधिकृत कसोटी न खेळता डिसेंबर २०१२ मध्ये निवर्तले. ९३ वा वाढदिवस एका दिवसावर आला होता. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. ज्या खेळपट्टीवर त्यांनी रूळ फिरवला, त्या मैदानावरच्या ४४३ धावा कोणाही भारतीयाने प्रथम दर्जाच्या सामन्यात अद्याप ओलांडलेल्या नाहीत.