थांबलेली दाढदुखी

दाढ ठणकूं लागली म्हणजे रात्रभर डोळ्यास डोळा लागत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक असेल. लवंगेचें तेल लावावें, मिठाच्या कोमट पाण्यानें चुळा भराव्या, आणि चार दिवसांनीं कळ आपोआप थांबली म्हणजे दाढ बरी झाली असें मानावें, अशी आपल्या घरोघरची रीत. परंतु फसगत होते ती येथेंच.

दांताचें कवच शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्याचें असतें. आंत मृदु गर असून त्यांत रक्तवाहिन्या व ज्ञानतंतु असतात. गोड पदार्थांचे कण दांतांस चिकटून राहिले म्हणजे तोंडांतील सूक्ष्म जंतु त्यांपासून आम्ल तयार करितात, व तें कवच पोखरतें. यास आपण कीड म्हणतों खरे, पण दांतांत किडा मुळींच नसतो. धुरी देऊन किडे काढून दाखविणारे लोक निव्वळ हातचलाखी करितात. जंतु गरापर्यंत पोहोंचले कीं भयंकर ठणका लागतो. पुढें गर कुजून मरतो, त्याबरोबर ज्ञानतंतूहि मरतात, आणि दुखणें थांबतें. रोग मात्र मुळाच्या टोकांतून जबड्याच्या हाडांत उतरलेला असतो.

तेथें सांठलेला पू वाट फुटेल तिकडे जातो. कधीं हिरडीवर फोड येतो, कधीं गाल सुजतो. खालच्या मागील दाढांचीं मुळें खोल असल्यामुळें त्यांचा पू हनुवटीखालीं व गळ्यांत पसरूं शकतो. मग तो भाग लांकडासारखा कठीण होतो, जीभ वर ढकलली जाते व श्वास कोंडूं लागतो. जर्मन वैद्य लुडविग यांनीं १८३६ सालीं या विकाराचें वर्णन केलें. पेनिसिलीन येण्यापूर्वीं यांतील निम्म्याहून अधिक रोगी दगावत.

उपचाराचें मुख्य अंग म्हणजे पुवास वाट करून देणें आणि दाढ काढणें किंवा तिच्या मुळांतील कुजका गर स्वच्छ करून ती भरणें. नुसत्या गोळ्यांनीं भागत नाहीं. मेलेल्या दांतांत रक्त खेळत नाहीं, मग रक्तावाटे जाणारें औषध तेथें पोहोंचावें कसें? सुजलेला गाल बाहेरून शेकूं नये. पू त्वचेकडे ओढला जाऊन गालावर फुटण्याचा संभव असतो.

ताप भरला, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना किंवा आवाज जड झाला, तर सकाळची वाट न पाहतां रोग्यास रुग्णालयांत न्यावें. तेथें आधीं श्वासाची वाट मोकळी राखितात. दाढेचा विचार त्यानंतर.